शाळेच्या फळ्यापासून मुक्तिसंग्रामाच्या आघाडीपर्यंत : स्वामी रामानंद तीर्थ यांचा वाटबदल

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या पदवी प्रमाणपत्रावर एका संन्याशाचे नाव छापलेले असते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनात हे नाव आदराने उच्चारले जाते. भगवी वस्त्रे, निजामाविरुद्धचा लढा आणि तुरुंगवास एवढा त्यांचा परिचय बहुतेकांना असतो. मात्र वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत हे स्वामीजी एक शाळामास्तर होते आणि त्याही आधी कामगार चळवळीतील कार्यकर्ते होते, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

हाती असलेले काम सोडून दुसऱ्या कामात पडावे की नाही, हा प्रश्न आज शहरांतील असंख्य तरुणांना छळतो आहे. पंचविशीत धरलेली नोकरी तिशीनंतर नकोशी वाटू लागते. नवी वाट दिसत असते, पण पाऊल उचलत नाही. स्वामीजींच्या आयुष्यात असे प्रसंग एकदा नव्हे, तर चार वेळा आले. त्यांनी प्रत्येक वेळी वाट कशी बदलली, त्यासाठी कोणती तयारी केली आणि त्याची कोणती किंमत मोजली, हे पाहिले म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाकडे एका वेगळ्या बाजूने पाहता येते.

सोलापूरचा विद्यार्थी

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा घराघरांत ऐकू येणारा हा सीमाभाग. शिक्षणासाठी ते सोलापुरात आले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा व्यंकटेश अवघ्या सोळा वर्षांचा होता. त्या दिवसांत त्याने आजन्म अविवाहित राहून देशकार्याला वाहून घेण्याचा निश्चय केला. पाठोपाठ महात्मा गांधींच्या असहकार चळवळीची हाक आली आणि त्याने सरकारी शाळेकडे पाठ फिरवली.

अशा भारलेल्या वातावरणात शाळा सोडणारे विद्यार्थी त्या काळी हजारोंनी होते. त्यांतील अनेकजण चळवळीचा पूर ओसरताच पुन्हा सरकारी शाळांत परतले, तर काहींचे शिक्षण कायमचे सुटले. व्यंकटेशने यांपैकी काहीच केले नाही. त्याने शाळा सोडली, शिक्षण सोडले नाही. अंमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षण घेतल्यानंतर तो पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात दाखल झाला आणि तेथून एम. ए. झाला. सरकारदरबारी या पदवीला किंमत नव्हती. ती दाखवून कचेरीत कारकुनाची जागासुद्धा मिळाली नसती. परंतु इंग्रजीवर मिळवलेले प्रभुत्व, राज्यशास्त्राचा अभ्यास आणि मुद्देसूद मांडणीची सवय ही त्या वर्षांची कमाई होती. पुढे पंचवीस वर्षे ती त्यांच्या उपयोगी पडली.

कामगारांच्या चळवळीत

पदवीनंतर खेडगीकरांनी पहिले काम पत्करले ते ज्येष्ठ कामगार नेते ना. म. जोशी यांच्याकडे. जोशी हे १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत असत. त्यांचे सचिव म्हणून खेडगीकरांना मुंबई आणि दिल्ली अशा दोन्ही ठिकाणचे काम जवळून पाहता आले. निवेदन कसे लिहावे, आकडेवारी कशी जमवावी, सरकारी अधिकाऱ्याशी न चिडता पण न झुकता कसे बोलावे, संघटनेची सभासद नोंदणी आणि हिशेब कसे ठेवावेत, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले. कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही असे हे शास्त्र होते.

ही वाट त्यांना पुढे कोठवर घेऊन गेली असती, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. त्या पिढीतील अनेक कामगार पुढारी पुढे विधिमंडळात आणि मंत्रिमंडळात पोहोचले. दिल्लीच्या वर्तुळात वावरणारा, इंग्रजीत सफाईने लिहिणारा हा तरुणही त्यांत सहज बसला असता. परंतु अविश्रांत कामाने प्रकृती ढासळली. तिकडे राष्ट्रीय शिक्षणाची ओढही स्वस्थ बसू देत नव्हती. विशीच्या उत्तरार्धातच त्यांनी आयुष्यातला पहिला मोठा वाटबदल केला. राजधानी सोडून ते निजामाच्या राज्यातील एका आडगावी शिक्षक म्हणून आले.

हिप्परग्याची शाळा

ते गाव म्हणजे हिप्परगा. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हे गाव लातूरपासून फारसे दूर नाही. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली तेथे राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. निजामाच्या राज्यात उर्दू ही राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खासगी शाळांना परवानगीचा जाच होता. सार्वजनिक सभा घ्यायची तर गश्ती नंबर ५३ हे फर्मान आडवे येत असे. राजकीय चळवळीला तर जवळजवळ मज्जावच होता. अशा राज्यात मातृभाषेतून शिकवणारी, सूतकताईला स्थान देणारी, सरकारी मान्यतेची पर्वा न करणारी शाळा चालवणे हेच मुळी धाडस होते.

खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले. वेतन म्हणावे असे काही नव्हते. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहत, एकत्र जेवत, श्रमाची कामे वाटून घेत. दिल्लीतील ओळखीच्या मंडळींना हा निर्णय पायरी उतरल्यासारखा वाटला असेल तर त्यात नवल नाही. परंतु राजकीय सभा जेथे भरत नव्हती, तेथे शाळेचा वर्ग भरत होता. तेथे माणसे तयार करता येत होती. पुढे मुक्तिसंग्रामात उतरलेल्या कार्यकर्त्यांपैकी कित्येकांची पहिली ओळख स्वातंत्र्य या शब्दाशी झाली ती अशा राष्ट्रीय शाळांतच.

याच काळात आयुष्याला दुसरे वळण मिळाले. स्वामी रामतीर्थ यांच्या विचारांचा खेडगीकरांवर मोठा प्रभाव होता. रामतीर्थ हेही पूर्वी लाहोरच्या महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्यांनी संन्यास घेतला होता. खेडगीकरांनी तिशी गाठण्यापूर्वीच संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर हे नाव मागे पडून स्वामी रामानंद तीर्थ हे नाव पुढे आले.

संन्यासी म्हटला की मठ, हिमालय किंवा तीर्थक्षेत्र अशी आपली कल्पना असते. स्वामीजी मात्र दीक्षेनंतरही त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या दृष्टीने संन्यास हा कामातून सुटण्याचा मार्ग नव्हता. घरदार, मिळकत, वारसा यांची चिंता एकदाच मिटवून टाकल्यामुळे पुढचा कोणताही निर्णय घेताना त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही.

अंबाजोगाईचे मुख्याध्यापक

१९३५ च्या सुमारास स्वामीजी काही सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. निजामाच्या अमलात या गावाचे नाव मोमिनाबाद होते. येथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक त्यांच्याबरोबर होते. बघता बघता या शाळेचा लौकिक साऱ्या मराठवाड्यात पसरला. लातूर, नांदेड, बीड, परभणीकडील पालक आपली मुले येथे पाठवू लागले. इंग्रजीचे उत्तम शिक्षक म्हणून स्वामीजींचे नाव झाले होते. विद्यार्थ्यांचा जिव्हाळा होता, गावाचा विश्वास होता, संस्था स्थिरावली होती.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. वाट बदलायला माणूस बहुधा तेव्हा तयार होतो, जेव्हा हातचे काम नकोसे झालेले असते. स्वामीजींच्या बाबतीत तसे नव्हते. अध्यापन हे त्यांचे सर्वांत आवडते काम होते आणि त्यात ते यशस्वी होते. त्यामुळे १९३८ साली त्यांनी जो निर्णय घेतला, तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णय ठरला.

पहिले पाऊल लातुरात

हा निर्णय एका रात्रीत झालेला नव्हता. हैदराबाद संस्थान म्हणजे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. आठ जिल्हे तेलंगणचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कर्नाटकाचे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली प्रांतिक निवडणुका होऊन लोकांची मंत्रिमंडळे आली. संस्थानातील प्रजेला मात्र सभेचाही हक्क नव्हता. त्याच वर्षी मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरवले. गोविंदराव नानल हे त्याचे अध्यक्ष होते. प्रजेच्या किमान हक्कांची मागणी हे परिषदेचे स्वरूप होते. भाषा सौम्य होती, पण सुरुवात झाली होती.

परिषदेचे दुसरे अधिवेशन १९३८ साली लातूर येथे भरले. बार्शी लाइट रेल्वेने ब्रिटिश मुलखाशी जोडलेले लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आणि मोठी बाजारपेठ होते. याच अधिवेशनात स्वामीजींकडे परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी आली. मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून राजकारणाच्या मैदानात जाणारे पहिले पाऊल ते हेच.

या पावलाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. स्वामीजींनी आधी शाळा सोडली आणि मग काय करावे याचा शोध घेतला, असे झाले नाही. त्यांनी आधी परिषदेचे काम अंगावर घेतले, प्रांतातील कार्यकर्त्यांची ओळख करून घेतली, कामाचा आवाका पाहिला. दोन्ही कामे एकाच वेळी नीट होणार नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी शाळेचा निरोप घेण्याचे ठरवले. निरोप घेतानाही शाळा वाऱ्यावर पडणार नाही, याची खात्री होती. ज्या सहकाऱ्यांना त्यांनी बरोबर आणले, वाढवले, त्यांच्या हाती संस्था सुरक्षित होती. योगेश्वरी शिक्षण संस्था आजही अंबाजोगाईत उभी आहे, हे त्या तयारीचेच फळ म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट म्हणजे नव्या कामासाठी लागणारे बरेचसे भांडवल त्यांच्यापाशी आधीच जमा झालेले होते. निवेदने लिहिण्याची आणि संघटना बांधण्याची कला त्यांनी जोशींच्या हाताखाली शिकली होती. गावोगावचे विद्यार्थी आणि पालक हा त्यांचा आयता संपर्क होता. भगव्या वस्त्रांमुळे खेड्यातील साध्या माणसालाही ते आपले वाटत. जुनी वाट सोडताना त्यांनी जुनी शिदोरी टाकून दिली नाही.

ठरवलेले बेत आणि बंदी

१९३८ साली स्वामीजी हैदराबादेत आले. साऱ्या संस्थानासाठी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचा बेत होता. परंतु संघटना रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ज्या कामासाठी आवडती शाळा सोडली, ते काम सुरू होण्याआधीच बेकायदा ठरले.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी बंदी मोडून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व गोविंदराव नानल यांनी केले. पाठोपाठ स्वामीजींनीही सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् चळवळ उभी राहिली आणि शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठातून बाहेर पडावे लागले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. स्वामीजींना ते आपले राजकीय गुरू मानत.

मात्र आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह त्याच वेळी चालू होते. त्यामुळे स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे स्वरूप झाकोळले जाऊ लागले. गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह स्थगित करण्यात आला. म्हणजे शाळा सोडल्यापासून वर्षभराच्या आत संघटनेवर बंदी, सत्याग्रह स्थगित आणि स्वतः स्वामीजी गजाआड, अशी स्थिती झाली. नवी वाट धरणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षात जे जे भय वाटते, ते सारे त्यांच्या बाबतीत खरे ठरले.

अंबाजोगाईची दारे त्यांच्यासाठी बंद नव्हती. सुटकेनंतर ते परत जाऊन मुलांना इंग्रजी शिकवू लागले असते, तर कोणी दोष दिला नसता. ते परतले नाहीत. १९४० साली गांधीजींच्या अनुमतीने त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंगवास भोगला. १९४२ च्या चले जाव आंदोलनात ते तिसऱ्यांदा गजाआड गेले. तुरुंगाबाहेर असतील तेव्हा गावोगाव हिंडून कार्यकर्त्यांचे जाळे विणत राहणे, हा क्रम आठ वर्षे चालला. जुलै १९४६ मध्ये बंदी उठली, तेव्हा या जाळ्यावरच स्टेट काँग्रेस उभी राहिली. महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा आणि कर्नाटक परिषद तिच्यात विलीन झाल्या. अध्यक्षपदाच्या चुरशीच्या निवडणुकीत बी. रामकृष्ण राव यांच्याविरुद्ध स्वामीजी विजयी झाले.

लातूरचा वकील आणि अंबाजोगाईचा मास्तर

इतिहासाने येथे एक विलक्षण योग जुळवून आणला. निजामाचे स्वतंत्र राज्य टिकवण्यासाठी हत्यारबंद रझाकार संघटना ज्याच्या नेतृत्वाखाली बेफाम झाली, तो कासीम रझवी हा लातूरमध्ये वकिली करणारा गृहस्थ होता. १९४६ मध्ये तो मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा प्रमुख झाला. लातूरचा वकील आणि अंबाजोगाईचा मुख्याध्यापक, दोघांनीही आपापले व्यवसाय सोडले होते आणि दोघेही एकाच राज्याच्या भवितव्यासाठी समोरासमोर उभे होते. एकाने अनुयायांच्या हाती तलवार दिली, दुसऱ्याने तिरंगा. व्यवसाय सोडण्यात स्वतःहून काही थोरवी नसते. ती कशासाठी सोडला यावर ठरते, हे या दोन आयुष्यांकडे पाहून कळते.

७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने भारतात विलीन व्हा हा लढा पुकारला. १५ ऑगस्टला सारा देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ अखेर निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली. जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा अटक करण्यात आली. या काळात दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने लढा पुढे चालवला. उमरखेड, बार्शीसारख्या सरहद्दीबाहेरच्या ठिकाणी कार्यकर्त्यांची केंद्रे उघडली. नांदेड जिल्ह्याने या लढ्यात मोठी किंमत मोजली. बिलोली भागातील अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची १९४६ साली हत्या झाली होती. १९४८ मध्ये याच जिल्ह्यातील उमरी येथे कार्यकर्त्यांनी बँकेवर छापा घालून लढ्यासाठी पैसा उभा केला. २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. विलीनीकरणाचा पुरस्कार हाच त्यांचा अपराध होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तुरुंगाची दारे उघडली. त्यानंतरच्या दिवसांचा एक वेदनादायी अध्यायही आहे. मराठवाड्यासह अनेक जिल्ह्यांत मुस्लिम नागरिकांवर सूडाचे हल्ले झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे तिने नमूद केले. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आलाच नाही. मुक्तीच्या आनंदासोबत ही जखमही मराठवाड्याने लक्षात ठेवली पाहिजे.

सत्तेच्या दारातून पुन्हा शिक्षणाकडे

लढा संपला आणि पुन्हा प्रश्न उभा राहिला, आता पुढे काय? सत्ता समोर होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्रिपद बी. रामकृष्ण राव यांच्याकडे गेले. स्वामीजी त्या निवडणुकीत गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून आले. खासदार म्हणून त्यांनी काम केले, पण मंत्रिपदाच्या शर्यतीत ते उतरले नाहीत. पक्षातील गटबाजीचा त्यांनाही त्रास झाला. ज्या हैदराबाद राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, त्याच राज्याचे भाषावार विभाजन व्हावे असा आग्रह त्यांनी धरला. स्वतःच्या राजकीय प्रभावाचा पाया असलेले राज्य मोडून टाका म्हणणारा नेता विरळाच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विभाजन प्रत्यक्षात आले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला.

राजकारणात असतानाच त्यांच्यातला मास्तर जागा होता. १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्यामागे स्वामीजींचीच प्रेरणा होती. तोवर मराठवाड्यातील मुलांना पदवीसाठी औरंगाबाद नाही तर हैदराबाद गाठावे लागे. गोदाकाठच्या नांदेडात महाविद्यालय निघाले आणि शेतकरी, कारकून, छोटे व्यापारी यांच्या घरातील पहिली पिढी पदवीधर होऊ लागली. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत याच महाविद्यालयात शिकवत होता आणि १९८२ मध्ये निधन झाले तेव्हा तो तेथील प्राचार्य होता. खादी आणि भूदानाच्या कामातही स्वामीजींनी स्वतःला जोडून घेतले.

साठच्या दशकात ते निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाले. १९६७ साली मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. बेगमपेठ येथे त्यांची समाधी आहे. मागे घर नव्हते, जमीन नव्हती, बँकेतील ठेव नव्हती.

आजच्या तरुणासाठी

स्वामीजींचे आयुष्य आजच्या नोकरदार माणसाला जसेच्या तसे गिरवता येणार नाही. त्यांना संसार नव्हता, घरभाडे नव्हते, मुलांच्या शाळेचे शुल्क नव्हते. वाट बदलण्याचे जे स्वातंत्र्य त्यांना लाभले, ते त्यांनी सोळाव्या वर्षीच्या निश्चयाने आणि पुढे संन्यासाने विकत घेतले होते. त्याची किंमत सर्वांना परवडणारी नाही आणि सर्वांनी ती द्यावी असेही नाही.

तरीही काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. नव्या कामात उडी घेण्यापूर्वी त्यांनी जुन्या कामात असतानाच त्याचा अनुभव घेतला. लातूरचे सरचिटणीसपद आधी आले, शाळेचा राजीनामा नंतर. जुने काम सोडताना ते सांभाळणारी माणसे त्यांनी आधी तयार केली. आधीच्या कामात शिकलेले काहीही त्यांनी वाया जाऊ दिले नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पहिल्याच वर्षी सारा बेत फसला तेव्हा त्यांनी तो निर्णयच चुकला असे मानले नाही. काम लांबणीवर पडले, हे त्यांनी ओळखले आणि दहा वर्षे धीर धरला.

आज लातूरमध्ये वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून हजारो मुले येतात. नांदेडच्या विद्यापीठातून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. आयुष्यात काय व्हायचे हे सतराव्या वर्षीच ठरले पाहिजे आणि एकदा ठरले की बदलता कामा नये, असा धाक या मुलांच्या मनावर असतो. एका परीक्षेत गुण कमी पडले, की सारे संपले असे त्यांना वाटते. ज्यांच्या नावाचे प्रमाणपत्र त्यांच्या हाती पडणार आहे, ते स्वामीजी कामगार कार्यकर्ते, शिक्षक, संन्यासी, सत्याग्रही, खासदार आणि पुन्हा शिक्षणसेवक अशा वाटांनी चालत गेले. प्रत्येक वेळी काम बदलले, कामामागचा हेतू मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत एकच राहिला. हेतू पक्का असेल तर वाट बदलण्यात कमीपणा नाही, एवढे जरी या मुलांना आणि त्यांच्या पालकांना उमगले, तरी विद्यापीठाला दिलेले हे नाव सार्थकी लागेल.